इष्टोच्या पिनेएवढं भोक

काचा एकूण सहा. सातवी मिळणार नव्हती.

*

आधी पेटी.

मोताळ्याच्या बाजाराच्या तोंडाशी निवृत्तीचं दुकान होतं. तीन बाजूंना तट्टे, वर पत्रा, आत आजारी पडलेले स्टोव्ह. कंदील यायचे, ग्रामोफोन यायचे, पण नाव पडलं ते इष्टोवाला.

तो मध्यप्रांत-वऱ्हाडाचा काळ. कचेरीचं काम असो की भंगाराचं, मलकापूर गाठावं लागे. तिथल्या एका भंगारवाल्याकडे निवृत्तीला ती पेटी दिसली. काळ्या कातडी कागदाने मढवलेली, फोटो काढायची पेटी. कुणा साहेबाच्या सामानातून आलेली. भिंग मधोमध तडकलेलं.

"भिंग गेलं, पेटी चांगली हाये," भंगारवाला म्हणाला. "घरी मीठ-मिरची ठेवा."

सोबत फोटोच्या काचांचं एक पुडकं होतं, न फोडलेलं. त्यावरची तारीख उलटून सात वर्षं झाली होती. पेटी आणि पुडकं मिळून एका जुन्या कंदिलावर सौदा झाला.

तडकलेलं भिंग निवृत्तीने काढून टाकलं. एका फुटक्या बर्नरचा पितळी पत्रा ठोकून, मग दगडावर घासघासून कागदासारखा केला. त्यात स्टोव्हची पिन टोचली. मोताळ्यात त्याहून बारीक टोक कुणाकडे नव्हतं, सोनाराकडेही नाही. भोकाची कड पुन्हा घासली, पत्रा भिंगाच्या जागी बसवला, पेटी आतून काजळी आणि जवसाच्या तेलाने रंगवली. भोकावर जुन्या पट्ट्याच्या कातड्याची झापड. झापड उघडायची, मोजायचं, बंद करायची. पेटीत एका वेळी दोन काचा मावत. बाजूचा खटका दाबला की पुढची काच खाली पडे आणि मागची तिच्या जागी येई.

भिंगाशिवाय चित्र उमटतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी घरच्या धान्याच्या कोठीच्या दाराला एक भोक होतं. दुपारी आत बसलं की समोरच्या भिंतीवर रस्त्यावरच्या बैलगाड्या उलट्या चालत, बैलांचे पाय वर. पुढे खामगावच्या एका फोटोवाल्याच्या बत्त्या दुरुस्त करताना काच कशी धुतात, कागदावर उन्हात कशी छापतात, हे त्याने पाहून घेतलं होतं. धुवायच्या औषधांच्या पुड्या, हायपोची धरून, तिथूनच आणलेल्या.

हौस होती, दुसरं काही नाही. पण आठ दिवसांत त्या पिनेच्या भोकावर एका बाईची विहीर येऊन बसली.

*

रुखमाबाईचं शेत आणि हिंमतराव पाटलाचं शेत यांच्यामध्ये एक धुरा. वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावर मोजणीचा दगड. दगडाच्या अलीकडे सात हातांवर विहीर, रुखमाबाईच्या नवऱ्याने मरायच्या आधी खणलेली. हिंमतरावाची विहीर दोन उन्हाळे कोरडी होती. दगड दहा हात अलीकडे सरकला, की पाणी न खणता पाटलाचं.

"सब्बल घेऊन पुंजाजी दोनदा दगडापाशी उभा होता," रुखमाबाई दुकानाच्या पायरीवर बसून सांगत होती. सब्बल म्हणजे पहार, आणि पुंजाजी म्हणजे हिंमतरावाचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. "मी दिसली म्हनून गेला. मी रोज दिसन का?"

"तहसीलदार काय म्हनते?"

"मोजनी वैशाखात. मोजायची साखयी दगडापासून लागन. दगड हालला, की साखयीही खोटं बोलन." तिने पदर सारखा केला. "येत्या गुरुवारी त्यायचा मुक्काम मोताळ्यात हाये. दगड आज कुठी हाये याचा पुरावा आना म्हने. साक्षीदार आना, नाईतर कागद."

"साक्षीदार?"

"पाटलाच्या समोर? तूच ये न मंग."

निवृत्ती हातातला बर्नर पुसायला लागला.

"मलकापूरचा एक फोटूवाला हो म्हनला होता. मंग त्याले ताप आला. अन् तिसऱ्या दिवशी तापातच पाटलाच्या दमनीत बसून हुरडा खायले गेला." ती पेटीकडे पाहत होती. "हे चालते का?"

"पायतो माय. चालली तर चालली."

*

काच पहिली

काहीच नाही. पेटीच्या कोपऱ्यातून उजेड घुसला होता. काच आरपार काळी.

कोपऱ्यात मेण आणि काजळी भरली.

*

काच दुसरी

बाजाराचा दिवस. पेटी दुकानाच्या पायरीवर ठेवली, झापड उघडली, दोनशेपर्यंत मोजलं. इतक्या जुन्या काचेला आणि इतक्या लहान भोकाला तेवढं लागणारच होतं. दुपारी कोठीच्या दाराला पोती लावून, लाल कागद गुंडाळलेल्या कंदिलाच्या उजेडात काच धुतली. वाळल्यावर उन्हात कागदावर छापली.

बाजार रिकामा होता.

पालं होती, तराजू होते, सोडलेल्या गाड्या होत्या. माणूस एकही नाही. दोनशे आकड्यांत जे हललं ते पुसलं गेलं होतं. हजारभर माणसांतून उरली एक म्हातारी, मिरच्यांच्या ढिगामागे डुलकी घेणारी. आणि तो ढीग, कोळशाचा असावा तसा काळा.

"मिरच्या जळाल्या का हो?" निवृत्तीची बायको वच्छलाबाई म्हणाली.

"सावली असन."

सावली नव्हती. पण तो खुशीत होता. दगड काही हलत नाही. दगड येणारच.

*

काच तिसरी

"दगड ठसठशीत दिसला पाह्यजे," एवढंच तो रुखमाबाईला म्हणाला होता. साधं वाक्य.

सोमवारी सकाळी पेटी घेऊन शेतात गेला, तर दगड लांबूनच पेटल्यासारखा दिसत होता. तेलात कालवलेला शेंदूर, वरपासून खालपर्यंत, बोटभर जाड. समोर फोडलेला नारळ.

"आता दिसते का नाई?" रुखमाबाई म्हणाली. "दुसरंही काम झालं. काल पुंजाजी सब्बल घेऊन आला, शेंदूर पायला, हात जोडले अन् वापस गेला. देवाले कोन सब्बल लावते?"

निवृत्तीलाही पटलं. एका बोटाने दोन कामं.

पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. शेत काळंभोर, त्यात तो एक शेंदरी ठिपका. पाठीमागे चुन्याने लिंपलेलं विहिरीचं तोंड, त्यामागे कडुनिंब, मग टेकडी. पेटी धुऱ्यावर ढेकळांच्या चौथऱ्यावर बसवून त्याने झापड उघडली.

चाळीसला पलीकडच्या शेतात पुंजाजी दिसला. सत्तरला तो उभा राहून बघायला लागला. शंभरला त्याने बैल सोडले आणि गावाकडे निघाला, घाईने.

"मालकाले सांगाले गेला," रुखमाबाई म्हणाली.

निवृत्तीचे आकडे जोरात पळायला लागले. एकशेवीस, एकशेतीस.

"तुह्ये आकडे पयून राह्यले बापा."

"तू गप बस माय. चुकतो मी."

दुपारी दुकानासमोर उन्हात छापायची चौकट ठेवली. भोवती पाच-सात माणसं जमली, रुखमाबाई सर्वांत पुढे. कागद हळूहळू तपकिरी होत गेला. विहीर आली, पांढरी, नीट. कडुनिंब आला. टेकडी आली. धुरा आला.

धुऱ्यावर दगड नव्हता.

निवृत्तीने चौकट उघडून कागद डोळ्यांजवळ नेला. जिथे दगड असायला हवा तिथे काळी माती होती. सलग.

"माहा दगड कुठी हाये?" रुखमाबाईचा आवाज वर गेला नाही, खाली गेला.

"होता. मी पायला. तूही पायला."

"मंग तुह्या पेटीनं काऊन नाई पायला?" ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. "निवृत्ती, तूही हुरडा खाऊन आला का?"

*

काच चौथी

तासाभरात हिंमतराव पाटील दुकानात आला. चोचीचे जोडे, टोकाला पितळी फूल. मोताळ्यात तसा जोड दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"काय बे इष्टोवाल्या, म्हनते फोटूत दगडच नाई निघाला?"

कागद तबकाशेजारी पडलेला होता, अजून हायपोच्या पाण्यात बुडवायचा. पाटलाने तो उचलला, बराच वेळ पाहिला आणि हसला.

"लय बेस. विहीर हाये, झाड हाये, धुरा हाये. दगड कुठी गेला?" तो जमलेल्यांकडे वळला. "पेटी कोनाची? बाईनं सांगितलेल्या मानसाची. पेटी तर लबाड नाई न? हा कागद मीच दाखवतो गुरुवारी. अठी कधी दगडच नव्हता. बाईनं परवा कुठून तरी एक धोंडा आनला अन् शेंदूर फासला."

निवृत्ती काहीतरी बोलणार होता. पण कागदाकडे पाहून त्याने तोंड मिटलं. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "न्या पाटील. गावाले दाखवा. उन्हात धरा, उन्हात चांगलं दिसते."

"आता शाना झाला." पाटलाने फळीवरचं एक पुडकं उचललं. "अन् हे काय?"

"ते उघडू नका."

हे सांगायला नको होतं. पाटलाने काळा कागद सोडला, आतली कोरी काच उन्हात धरली, उलटीपालटी केली.

"यात तं काहीच नाई बे," असं म्हणून त्याने ती ठेवून दिली.

आता खरंच काही राहिलं नव्हतं.

उरल्या दोन.

*

कोठीत, भरदुपारी, पोत्यांमागे.

निवृत्तीने लाल कंदील लावला आणि नुसता बसला. धुवायला काही नव्हतं. बाहेर रुखमाबाई पायरीवर बसून होती, जात नव्हती. वच्छलाबाई पोतं सारून आत आली. तिच्या हातात बाजाराचा फोटो होता.

"मले एक सांगा. त्या म्हातारीच्या मिरच्या तं लालभडक होत्या. मीच घेतल्या शेरभर. मंग अठी जळाल्या काऊन?"

"सावली—"

"सावलीत ते म्हातारी गोरी दिसते अन् मिरच्याच काया?"

निवृत्तीने फोटो पाहिला. मग कंदिलाकडे पाहिलं. याच लाल उजेडात तो काच उघडी करत असे आणि काचेला काही होत नसे. का होत नसे? खामगावचा फोटोवाला म्हणाला होता, काच लालला भीत नाही.

भीत नाही, कारण तिला तो दिसतच नाही.

लाल मिरची काळी. लाल शेंदूर काळा. काळ्या शेंदराचा दगड, काळ्या मातीवर.

तो पोतं बाजूला करून बाहेर आला, उन्हात डोळे मिचकावत. "माय, दगड फोटूत हाये. मातीसारखाच काया निघाला म्हनून दिसत नाई. शेंदरामुळं झालं हे."

रुखमाबाईने सगळं ऐकून घेतलं. दोनदा विचारून घेतलं. मग हिशोब मांडल्यासारखी बोलली.

"म्हनजे शेंदूर ठेवला, तं तुह्यी पेटी आंधळी. काढला, तं पुंजाजीची सब्बल मोकळी."

"हाव."

"अन् लावलेला शेंदूर खरवडते कोन? तू खरवडशीन?"

निवृत्तीने नाही म्हणून मान हलवली. वच्छलाबाईने दोन्ही गालांना बोटं लावली.

"वरून चुना?" तो म्हणाला.

"देवाले चुना लावतं का रे?" तिने पायाखालची माती चिमटीत घेतली. "मातीवर काया दिसत नाई म्हनतं. मंग माती पांढरी करता येते का?"

"सगळं शेत?"

"दगडाच्या मांगची. तेवढीच."

ती उठली आणि घरी गेली. नवऱ्याचं एक धोतर तिने संदुकीत जपून ठेवलं होतं, तीन वर्षं, निळीत धुतलेलं.

*

मंगळवारभर हिंमतराव गावात फिरत होता. देवळापाशी, पिंपळाच्या पारावर, जिनिंगच्या फाटकाशी. खिशातून कागद काढायचा, उन्हात धरायचा, हसायचा, परत ठेवायचा. संध्याकाळी वच्छलाबाई म्हणाली, "साऱ्या गावानं पायला." निवृत्ती म्हणाला, "पाहू दे."

*

काच पाचवी

बुधवार सकाळ. वारा.

पेटी ठरल्या जागी. धोतराचं एक टोक रुखमाबाईच्या हातात, दुसरं जमिनीत रोवलेल्या, बैल हाकायच्या तुतारीच्या काठीला. दगड मध्ये आणि त्याच्या पाठीमागे पांढरं. तिथे जोडा घालून जायचं नाही म्हणून तिने वहाणा लांब काढल्या होत्या.

"आकडे मी नाई मोजत," निवृत्ती म्हणाला. "माहे पयतात."

"मी ओव्या म्हनते. एकवीस. जात्यावर माह्या ओवीनं कधी उडी नाई मारली."

झापड उघडली. चौथ्या ओवीला काठी वाकली. सहाव्या ओवीला धोतर शिडासारखं फुगलं. आठव्याला काठी उपटून पडली आणि धोतर फडफडत मातीवर आलं.

ही गेली.

पुंजाजी केव्हा येऊन उभा होता कुणाला कळलं नाही. हातात सब्बल नव्हती. "मालकानं पाह्यले धाडलं," तो म्हणाला, जणू माफी मागत. "येऊनच राह्यले ते मांगून."

"काठीनं होत नाई," निवृत्ती म्हणाला. खटका दाबला. आत काच पडल्याचा आवाज झाला आणि मग काही क्षण काहीच नाही. त्याने पेटीला हलकेच थोपटलं. सहावी काच खटकन पुढे आली.

"मानूस पाह्यजे," तो म्हणाला. "दुसऱ्या टोकाले मानूस."

रुखमाबाईने पुंजाजीकडे पाहिलं.

"माय, मले नको सांगू," पुंजाजी म्हणाला. "मी त्यायचं खातो."

"मी कुठी सांगून राह्यली."

तिने धोतर झटकून पुन्हा धरलं. वाऱ्याने सुटं टोक उडवलं आणि ते थेट दगडावर, ओल्या शेंदरावर पडायला निघालं. पुंजाजीने वहाणा तिथेच सोडल्या, दोन ढांगा टाकल्या आणि ते हवेत पकडलं.

पकडल्यावर त्याला कळलं, आपण काय पकडलं ते.

"आता सोडू नको बापा," रुखमाबाई म्हणाली. "देवावर पडन."

*

काच सहावी

झापड उघडली.

रुखमाबाईने म्हणायला सुरुवात केली. सूर नाही, फक्त जात्याची चाल, एका फेऱ्याला एक ओळ.

*दळीते मी बाई, ऊन पडे जात्यामंधी,*
*माह्या विहिरीचं पानी, ठेव देवा माह्या हद्दी.*

एक.

दोन. तीन. पुंजाजीने टोक पोटाशी घट्ट धरलं. धोतर ताणलं गेलं, सरळ झालं. दगड त्याच्यापुढे डागासारखा उभा.

पाच.

धुऱ्यावरून जोड्यांचा आवाज. हिंमतराव, हातात काठी.

"काय हो, कोनाचं लगन लावून राह्यले? अंतरपाट धरला?" तो दगडापर्यंत आला. "नवरदेव कोन, हा धोंडा? अन् पुंजाजी, तू मामा झाला का?"

रुखमाबाईला बोलता येत नव्हतं. बोलली असती तर मोजणी गेली असती. सात.

"सोड ते."

आठ.

"पुंज्या, सोड म्हनतो न."

"मालक, देवावर पडते," पुंजाजी म्हणाला. मान खाली, हात जागेवर.

"देव? परवाचा धोंडा तो."

हिंमतराव पुढे यायला निघाला आणि थांबला. दगडापासून हातभर अंतरावर. पायात जोडे होते. जोड्यांनी शेंदराजवळ जायचं कसं? आणि काढायचे, तर मग धोंड्याला देव मानल्यासारखं. धुऱ्यावर आता तीन-चार शेजारी येऊन उभे होते, बघत. पाटलाने जोडे काढले की नाही, हे आज गावभर होणार होतं.

तो पुढे आला नाही. मागेही गेला नाही.

अकरा.

तिथेच उभा राहून तो बोलत सुटला. हात उडवत, कमरेपासून वाकून, एकदा पुंजाजीच्या तोंडाशी, एकदा रुखमाबाईच्या. नवऱ्याचं नाव घेतलं. पुंजाजीचं साल मोडायची गोष्ट केली. पुंजाजीने टोक मुठींना वळसा देऊन आवळलं. निवृत्तीला पेटीमागून ते दिसत होतं आणि मदत करता येत नव्हती, कारण झापडीपासून हात काढता येत नव्हता.

चौदा. रुखमाबाईच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. ओवी तशीच, ना हळू ना घाईत. सासरचं जातं, माहेरचं जातं, चाल तीच.

सतरा.

मग पाटलाची नजर पेटीवर गेली.

"हे थोबाड तं बंद करतो आधी," तो म्हणाला आणि वळला. पेटी वीस पावलांवर. निवृत्तीने मोजलं नाही, पण पावलं ऐकली. अठरा. ढेकळं फुटत होती. एकोणीस. जोड्यावरचं पितळी फूल चमकत होतं. पळून जावं, पेटी छातीशी धरून पळावं; पण मग दोन ओव्या कमी.

वीस.

पाटलाची सावली पेटीवर पडली. हातातली काठी वर झाली.

*माह्या विहिरीचं पानी—*

एकवीस.

निवृत्तीने झापड लावली, पेटी उचलून पोटाशी घेतली आणि पाठ केली. काठी पाठीवर बसली, एकदाच. धुऱ्यावरचं कुणीतरी "पाटील" म्हणालं, मोठ्याने नाही. दुसरी काठी आली नाही.

"काढ किती काढतं ते," हिंमतराव खिशावर हात ठेवून म्हणाला. "माह्या जोळ कागद हाये."

*

गुरुवार. आमराईत तहसीलदाराचा तंबू. टेबल, दोन खुर्च्या, पुकारा करणारा पट्टेवाला.

हिंमतराव आधी बोलला. मग खिशात हात घातला, घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

तहसीलदाराने तो उलगडला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

कागद गडद तपकिरी होता. इकडून तिकडून, सलग. ना विहीर, ना झाड, ना धुरा.

"सायब, परवा यात होतं सगळं," पाटील म्हणाला. "विचारा गावाले."

"हायपोत बुडवला नव्हता सायब," निवृत्ती म्हणाला. "बुडवल्याबिगर कागद उजेड पीतच राह्यते. पाटलानं दोन दिवस गावभर उन्हात दाखवला."

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. निवृत्तीने आपला कागद पुढे ठेवला, नीट धुतलेला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पाठ अजून दुखत होती, त्यामुळे त्याला फार वाकता आलं नाही.

दिसत होतं ते असं. विहिरीचं पांढरं तोंड. कडुनिंब, पानं थोडी विरघळलेली. टेकडीची रेघ. मध्ये एक पांढरं वस्त्र, त्याच्यापुढे दगड, काळा, ठसठशीत, एका नजरेत भरणारा. वस्त्राच्या एका टोकाला एक बाई, तोंड धूसर, हात स्पष्ट. दुसऱ्या टोकाला एक गडी, खाली मान घातलेला.

आणि दगडापासून हातभर अंतरावर, जमिनीवर, दोन जोडे. रिकामे नव्हते. घोट्यापर्यंत पाय होते, त्यावर धुरासारखं धोतर आणि त्याच्या वर काहीच नाही. जे उडत होतं, वाकत होतं, ओरडत होतं, ते सगळं पुसलं गेलं होतं.

तहसीलदाराने कागद डोळ्यांजवळ नेला. चोच आणि तिच्या टोकावरचं फूल नीट उमटलं होतं.

"हे जोडे कुणाचे?"

तंबूतले सगळे खाली पाहायला लागले. एकाच दिशेने. हिंमतरावाने एक पाय हळूच खुर्चीखाली घेतला.

"पाटील, तुम्ही म्हणता हा बाईने नुकताच आणून ठेवलेला धोंडा. मग तुम्ही तिथे हातभर अंतर राखून कशासाठी उभे होता?"

तहसीलदाराने कागदाच्या मागे सही केली, तारीख घातली आणि मोजणीच्या कागदांत लावला.

बाहेर आल्यावर रुखमाबाई निवृत्तीला म्हणाली, "पुंजाजीचं साल मोडलं आज सकाळी." मग थोडं चालून, "माह्या वावरात हाये काम. विहीर राह्यली, तं राबनारा लागनच."

*

वैशाखात मोजणीदार आला. साखळी लावायला दगडापाशी बसला, शेंदूर पाहून थबकला आणि उठून आधी बूट काढून आला. साखळीची पहिली कडी टेकवली तेव्हा शेंदूर तिला लागला. दिवसभर ती कडी शेताच्या चारी बाजू फिरली, आणि जिथे जिथे टेकली तिथे मातीवर एक लाल ठिपका राहिला.

मोजणीदाराने विहिरीवर हात धुवायला पाणी मागितलं. पोहरा पुंजाजीने ओढला.